दिव्याला झाकण घाला म्हटलं की ‘गाव अंधारात लोटता का?’

चांदणवेडा
काल इथे एकाने लिहिलं, ‘अंधार वाचवा ही पोट भरलेल्या शहरी लोकांची हौस आहे. जुन्नर-आंबेगावात दारात बिबट्या येतो आणि तुम्ही दिव्यांवर नियम मागता?’ खाली धडाधड +१. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नव्हतं, म्हणून वेगळा धागा काढला.

दिवे बंद करा असं कोणीही म्हणत नाही. ग्रामपंचायतीने, नगरपालिकेने एवढंच ठरवावं: दिव्याचं तोंड खाली, वर झाकण, पांढऱ्याफेक एलईडीऐवजी 3000 केल्विनच्या (प्रकाशाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका पिवळसर) आतला पिवळसर दिवा, आणि जाहिरात फलक व मंगल कार्यालयांचे फोकस रात्री 11 नंतर बंद. पांढऱ्या दिव्यातला निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो, म्हणून तर सगळं आभाळ दुधाळ दिसतं आणि चांदण्या दिसत नाहीत; यालाच प्रकाश प्रदूषण म्हणतात. आवाजाला 2000 सालापासून नियमावली आहे, दहा वाजले की स्पीकर बंद करायला पोलीस येतात. उजेडाची तक्रार घेऊन मी गेलो, तेव्हा ती कोणत्या कलमाखाली लिहून घ्यायची तेच कोणाला सांगता येईना.

आणि वन्य प्राण्यांचं म्हणाल तर नागपूरकडचं पेंच बघा. वाघांचं जंगल आहे ते! तिथे सिल्लारी, पिपरिया, खापा अशा गावांतले रस्त्यांवरचे शंभरावर दिवे बदलले आणि जानेवारी 2024 मध्ये ते देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीचं काळोखं आभाळ जपणारं जंगल, ठरलं. दिवे बदलले, काढून नेले नाहीत.

उसाचा पट्टा
पेंचला पर्यटक येतात, पैसा येतो. आमच्याकडे कोण येणार?

माझा चुलतभाऊ रात्री दोनला पाणी धरायला गेला. हातात बॅटरी, खांद्यावर खोरं. बांधावर बिबट्या समोर. नशीब म्हणून वाचला, पण त्यानंतर तो रात्री एकटा रानात जात नाही आणि उसाला पाणी कमी पडतं. त्याला तुमचं केल्विन सांगू? आम्हाला प्रत्येक वस्तीवर दिवा पाहिजे, तोही मोठा.

नदीकाठ
मुळात तो रात्री दोनला रानात का होता, हे विचारा. शेतीपंपाची थ्री फेज लाइट पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. साप, विंचू, बिबट्या सगळं शेतकऱ्यानेच सोसायचं. दिवसा वीज द्या, निम्म्या दिव्यांची गरजच उरणार नाही.

उसाचा पट्टा
+१००. शेतीला दिवसा सौर वीज देणारी सौर कृषी वाहिनी योजना 2017 पासून ऐकतोय. आमच्या फीडरवर (शेतीच्या वीजवाहिनीवर) अजून रात्रपाळी आहेच.

माळावरचा
आमच्याकडे सौर फीडर झाला, दिवसा वीज मिळते. ढग आले की दाब कमी, मोटर उचलत नाही, पण रात्रीची पायपीट सुटली.

नदीकाठ
दाब कमी म्हणजे पाणी अर्ध्या वाफ्यातच राहणार. त्याला दिवसा वीज म्हणायचं का? आमच्या भागात डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाला की वर्गणी काढून दुरुस्त करावा लागतो, त्यावर कोणी धागा काढत नाही.

चांदणवेडा
विषय दिव्यांचा आहे. विजेसाठी कृपया वेगळा धागा काढा.

उसाचा पट्टा
का म्हणून? आमचं मरण तुम्हाला अवांतर वाटतं? गिरवलीची तारे बघायची मोठी दुर्बीण आमच्याच डोंगरावर आहे. तिच्यासाठी काळोख हवा म्हणता, आमच्यासाठी दिवसाची वीज मागताना कधी दिसला नाहीत.

रातपाळी
मी दवाखान्यात नोकरी करते, घरी यायला साडेअकरा होतात. फाट्यापासून गल्लीपर्यंतचा रस्ता कसा वाटतो ते पुरुषांनी मला शिकवू नये. मंद दिवा म्हणजे छेडछाडीला मोकळं रान.

चांदणवेडा
ताई, रस्त्यावरचा उजेड कमी करायचाच नाही. आभाळात आणि समोरच्याच्या डोळ्यांत वाया जातो तो वळवून रस्त्यावर आणायचा. झाकण घातलेल्या दिव्याखाली समोरून येणाऱ्याचा चेहरा जास्त नीट दिसतो, कारण डोळे दिपत नाहीत.

रातपाळी
मग ठरावात तसं स्पष्ट लिहा. ‘प्रदूषण’ शब्द वाचला की आमचे नगरसेवक आधी खांब उपटतील.

खाडीपलीकडे
कोकणात वेळास, आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर कासवाची पिल्लं वाळूतून वर आली की उजळ क्षितिजाकडे, म्हणजे समुद्राकडे धावतात. मागे रिसॉर्टचा फोकस असला तर उलटी जमिनीकडे जातात आणि वाळूतच सुकून मरतात. हंगामात किनाऱ्यावरचे दिवे झाका, एवढं मागितलं तरी हॉटेलवाले अंगावर येतात.

उसाचा पट्टा
कासवांबद्दल वाईट वाटतं, खोटं नाही बोलत. पण माझा मुद्दा तिथेच आहे.

आता एक मान्य करतो, मनापासून नाही. आमच्या फाट्यावर हायमास्ट, म्हणजे उंच खांबावरचा मोठा दिवा, लागलाय. त्याच्या खाली मुंगी दिसते. पण तिथून उसाच्या कडेला वळलं की डोळ्यांपुढे नुसतं काळंकुट्ट. बिबट्या त्या काळ्यातच बसतो. उजेड खाली आणि वस्तीभोवती पसरून पडला तर जास्त कामाचा, हे पटतं. झाकणाचा खर्च मात्र ग्रामपंचायतीने करावा, माझ्याकडून एक रुपया मिळणार नाही.

चांदणवेडा
खर्च ग्रामपंचायतीचाच. ठरावाचा मसुदा मी लिहितो.

नदीकाठ
मसुद्यात पहिलं कलम दिवसा विजेचं घाला. ते नसेल तर ग्रामसभेत मी हात वर करणार नाही.

रातपाळी
आणि दुसरं, बंद पडलेला दिवा किती दिवसांत लागेल त्याचं. आमच्या गल्लीतला दिवाळीपासून बंद आहे.