चीज (बंदिश) आधीच पूर्ण गायली, मग पुढे काय राहिलं?

लष्करवाले आजोबा (ग्वाल्हेर)
नात पियानो शिकते. सध्या सोनाटा हा पाश्चात्त्य रचनाप्रकार चाललाय. त्यातल्या पहिल्या मांडणीला एक्स्पोझिशन म्हणतात: पहिला विषय, म्हणजे मुख्य सुरावट, पांढरी एक या पट्टीत असेल, तर दुसरा बहुधा पांढरी पाचमध्ये. मग दोन टिंबांची खूण, की पुन्हा पहिल्यापासून! पोरगी वैतागते. पण आपल्या ग्वाल्हेरच्या ख्यालातही स्थायी-अंतरा, म्हणजे चिजेचे दोन्ही भाग, आधी सलग गाऊनच टाकतात. सगळं आधीच कळलं, तर ऐकणारा बसतो कशाला?

सराफ्याची ताई (इंदूर)
काका, म्हणून तर आम्ही इंदूरच्या गवयाचे, अमीर खाँसाहेबांचे! झूमरा तालातली संथ विलंबित लय, एकेका स्वरावर मुक्काम, अंतऱ्याचा कित्येकदा पत्ताच नाही. कादंबरीतसुद्धा पहिल्याच पानावर नायकाची वंशावळ आली की मी पुस्तक मिटते.

तिलवाडा
ताई, खाँसाहेबांपुढे हात जोडले, पण आमचं ऐका. स्थायी मंद्र-मध्यात फिरते, अंतरा तार षड्जाला जाऊन भिडतो. एवढ्यात रागाचा पूर्ण पसारा कानावर पडतो. पुढचा सगळा विस्तार, म्हणजे बेहलावे, बोलआलाप, बोलताना, त्याच चिजेतून निघतो. मुखडा (चिजेची सुरुवातीची ओळ) मुळात कसा होता हे ठाऊक असेल, तरच गवई तो वाकडा करून समेवर आणतो तेव्हा तोंडून 'वा' जातं. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना अंतरा पाठ झाल्याशिवाय मी एक तान घेऊ देत नाही. रुसतात, रुसू देत. शंका असेल तर ग्वाल्हेर घराण्याचे गवई कृष्णराव शंकर पंडित यांची ध्वनिमुद्रणं काढा.

सोनाट्यातही पुढे विषयांची मोडतोड होते, पट्ट्या बदलतात. मूळ डोक्यात पक्कं नसेल तर तो नुसता गोंधळ वाटतो. मोठे वादकही ती पुनरावृत्ती खुशाल गाळतात, ते वेगळं.

किल्ल्याखालचा
ताईंच्या बाजूने एक मत. सगळं एकदम मांडलं की लक्ष ठरत नाही. ग्वाल्हेरच्या गुजरी महाल संग्रहालयातली ग्यारसपूरची शालभंजिका आठवा. केवढीशी मूर्ती, हात तुटलेले. बाकीच्या गर्दीत उभी केली असती तर पाहुणे पुढे निघून गेले असते. वेगळी ठेवलीय म्हणून लोक विचारत येतात.

लष्करवाले आजोबा
म्हणजे भांडण लावून दिलं मी! तिलवाडा, नातीला काय सांगू?

तिलवाडा
सांगू नका, विचारा. शेवटी दुसरा विषय परत येतो, तेव्हा तो कुठल्या पट्टीत आहे? पांढरी एक म्हणाली, तर तिला मूळ मांडणी ऐकू आलीय. नाहीतर टिंबं पाळायला लावा.