तळं मानवनिर्मित असेल तर वाचवायचं कशाला?

सीवूड्सची_आई:
नमस्कार, आमच्या सीवूड्सच्या (नवी मुंबई) तळ्यावरून सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस वाद चाललाय. एक काका म्हणतात हे पाणथळ नैसर्गिक नाहीच, माणसानेच केलेलं, मग भराव टाकला तर बिघडलं कुठे. मला पटत नाही पण उत्तरही सुचत नाही. काल भरतीला लेकीसोबत तिथेच होते, एक फ्लेमिंगो मान उलटी करून चोच पाण्यात घालून पायाने चिखल ढवळत गोल गोल फिरत होता, ती तासभर हलायला तयार नव्हती. कुणी नीट सांगेल का?

खाडीकाठचा:
ताई मी इथलाच, आगरी. आजोबांची खारजमीन होती. खाडीला मातीचा बांध, त्यात उघाडी, भरतीला झडप आपोआप मिटते आणि ओहोटीला आतलं पाणी बाहेर जातं, आत भात. बाहेरची तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, लाटांचा मार खायची म्हणून बांध टिकायचा. पण चिंबोऱ्या त्यालाच बिळं पाडायच्या आणि मोठ्या उधाणाला नेमका तिथेच बांध फुटून खांड जायची, मग अख्खा गाव घमेली घेऊन चिखलात. जी खांड बुजवली नाही तिथलं शेत गेलं, काही वर्षांत तिवरं उगवली, निवट्या (चिखलात राहणारे मासे) आल्या. आता सांगा ती जागा कुणी केली, आजोबांनी की चिंबोरीने?

ऐरोलीचा_दुर्बीणवाला:
दादांनी मुद्द्याचं सांगितलं. पक्ष्यांचंही तसंच आहे, ओहोटीला ते ठाणे खाडीच्या चिखलावर चरतात, भरतीला चिखल बुडाला की उथळ पाणी शोधत तुमच्याकडे येतात, म्हणजे खाडी आणि तळं मिळून त्यांचं एकच घर. खाडीला २०१५ मध्ये अभयारण्य आणि २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, पण तळी बुजली तर पक्षी भरतीला उतरणार कुठे? लहान फ्लेमिंगो (पिल्लं नव्हे, लेसर फ्लेमिंगो ही जात) मुख्यतः निळं-हिरवं शेवाळ खातात, आणि ते आपल्या सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर फोफावतं. सांडपाणी चांगलं असं अजिबात म्हणायचं नाही मला, पण त्यांच्या ताटात आपला हात आहेच. म्हणून काकांना एवढंच विचारा, माणसाचा हात लागला म्हणून जबाबदारी कमी होते की वाढते? आणि तळ्यात भरतीचं पाणी यायची वाट मोकळी आहे का तेही बघा, ती बंद झाली की तळं आपोआप सुकतं, भरावाचीही गरज उरत नाही.

सीवूड्सची_आई:
दादा, खांडीची गोष्ट ग्रुपवर टाकते. लेकीला उघाडी दाखवता येईल का?

खाडीकाठचा:
आमची गेली, शेजारच्या गावात एक शाबूत आहे. रविवारी या, पण ओहोटीला, भरतीला झडप पाण्याखाली असते.