‘फॉलोअप’ म्हणजे पाठपुरावा का? मालवाहतुकीच्या धंद्यातल्या एआयच्या मराठीबद्दल

मूळ प्रश्न (बेलापूर, नवी मुंबई)

नमस्कार मंडळी. मी एका फ्रेट फॉरवर्डिंग कंपनीत, म्हणजे निर्यातदारांचा माल जहाजानं परदेशी पोचवून देणाऱ्या कंपनीत, विक्रीचं काम बघतो. ऑफिस बेलापूरला, बंदर न्हावाशेवा, आणि पार्ट्या नाशिक, तासगाव, सोलापूर, कोकण अशा पसरलेल्या. वर्षभरापासून आमच्याकडे गिऱ्हाईक शोधून त्याला पत्र लिहिणारं एआयचं साधन आलं आहे. कंपनीचं नाव दिलं की ती काय निर्यात करते, कुठल्या देशात पाठवते, तिथं निर्णय कोण घेतं हे ते गोळा करतं. पहिला ईमेल, चार दिवसांनी दुसरा, मग व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर, सगळं रचून देतं. इंग्रजीत काम बरं चालतं. पण आमच्या निम्म्या पार्ट्या मराठीतच बोलतात, म्हणून मराठी मजकूर सुरू केला, आणि मी शब्दांत अडकलो.

पहिल्याच आठवड्यात निफाडकडच्या एका द्राक्ष निर्यातदारांना गेलेलं वाक्य : ‘आपल्या निर्यातीसंदर्भात मी आपल्यापर्यंत पोहोचत आहे.’ दहा मिनिटांत त्यांचा फोन आला, ‘कुठपर्यंत आलात? गेटवर माणूस उभा करतो.’ फेब्रुवारी महिना, पॅकहाऊस भरात चाललेलं, त्यातून त्यांनी माणूस काढायची तयारी केली. त्यांचं काहीच चुकलं नाही. मराठीत पोहोचणारा माणूस दारात येऊन उभा राहतो.

दुसरं वाक्य तासगावच्या बेदाण्याच्या एका वडीलधाऱ्या व्यापाऱ्यांना गेलं : ‘आमच्या दरांबाबत मी आपला पाठपुरावा करत आहे.’ ते खरंच दुखावले. म्हणाले, ‘पाठपुरावा कसला करता माझा? मी कुणाचे पैसे बुडवलेत का?’ मी माफी मागितली, पण त्यांचं काम आजतागायत आमच्याकडे आलेलं नाही.

शिवाय त्या साधनाच्या स्क्रीनचं मराठी आहे ते वेगळंच. ‘लीड’ला, म्हणजे होऊ शकणाऱ्या गिऱ्हाइकाला, तिथं ‘शिसे’ लिहिलंय, ‘कोट’ला, म्हणजे दिलेल्या दराला, ‘अवतरण’, आणि कंटेनर वेळेत परत केला नाही तर लागणाऱ्या ‘डिटेन्शन’ला ‘अटक शुल्क’. हे आमच्यापुरतं आहे, आम्ही समजून घेतो. पार्टीला जाणाऱ्या मजकुराचं काय करू? मला तीन शब्द हवे आहेत : आउटरीच (अनोळखी पार्टीला आपणहून लिहिणं), लीड, फॉलोअप. आणि आम्ही स्वतःला काय म्हणवावं, हेही सांगा. साधन आमची ओळख ‘मालवाहतूक दलाल’ अशी करून देतं.

प्रतिसाद (पुणे)

मी अनुवादाचं काम करते. तुमच्या तासगावच्या व्यापाऱ्यांची बाजू भाषेच्या हिशेबानंही बरोबर आहे. पाठपुरावा गोष्टीचा होतो : अर्जाचा, तक्रारीचा, मागणीचा, एखाद्या मताचा. माणसाचा होत नाही. माणसाचा होतो तो पाठलाग. ‘आपला पाठपुरावा’ म्हटलं की ऐकणाऱ्याला पाठलागच ऐकू येतो, आणि व्यापाऱ्याला त्यातून तगादा, म्हणजे थकलेल्या पैशाची मागणी.

फॉलोअपला एक नाम शोधूच नका. मराठी माणूस इथं क्रियापदावर काम भागवतो : ‘मागच्या आठवड्यात दर पाठवला होता, बघितलात का?’ ‘परत एकदा विचारतो.’ ‘आठवण करून देतो.’ यातलं ‘परत एकदा विचारतो’ मला सगळ्यांत सरळ वाटतं. ‘आठवण करून देतो’ म्हटलं तर समोरचा विसरला असा किंचित आरोप होतो.

कोल्ड ईमेलसाठी ‘अनाहूत’ हा शब्द चपखल आहे. आहूत म्हणजे बोलावलेला, अनाहूत म्हणजे न बोलावता आलेला. हल्ली बरेच जण याच्या जागी ‘अनाहत’ लिहितात. अनाहत म्हणजे आघाताशिवाय उमटणारा, अनाहत नादातला. तो इथं चालणार नाही.

आणखी एक तपासा. इंग्रजीत ‘आय अ‍ॅम रायटिंग’ बाईही लिहिते, पुरुषही लिहितो. मराठीत लिहितो की लिहिते हे ठरवावंच लागतं. तुमच्या सहकारी बाईंच्या सहीखाली ‘लिहितो’ जात नाही ना?

बेलापूर

जात होतं. तुम्ही विचारल्यावर जुने मजकूर उघडून बघितले. आमच्या एका मॅडमच्या नावानं तीन आठवडे ‘बोलतो, पाठवतो, कळवतो’ गेलंय, आणि एकाही पार्टीनं ते सांगितलं नाही. याचं मला जास्त वाईट वाटलं. म्हणजे मजकूर माणसानं लिहिलेला नाही हे ओळखून लोक गप्प बसले असणार.

समोरच्या बाजूलाही तेच झालं. साधनाला मजकूर जवळिकीचा कर म्हटलं तर ते ‘भाऊ’ लावतं. किरण किंवा शीतल हे नाव बाईचं की पुरुषाचं हे आपण फोन करून विचारतो, ते अंदाज बांधतं. सोलापूरला टॉवेल निर्यात करणाऱ्या एका ताईंना ‘भाऊ’ म्हणून तीन मजकूर गेले. आता आम्ही पहिल्या मजकुरात नातं लावतच नाही. फक्त ‘नमस्कार’. दादा, अण्णा, ताई हे बोलणं झाल्यावर, ते स्वतः ज्या वळणानं बोलतील त्या वळणानं.

प्रतिसाद (मस्जिद बंदर, मुंबई)

क्लिअरिंगच्या, म्हणजे कस्टम्समधून माल सोडवण्याच्या, कामात उभा जन्म गेला. आता निवृत्त आहे, पण हे वाचून राहवलं नाही.

‘लीड’ला शब्द शोधताय, तो तुमच्या तोंडात आहे. तुम्हीच वर चार वेळा ‘पार्टी’ लिहिलंय. आम्ही कच्ची पार्टी आणि पक्की पार्टी म्हणायचो. फक्त नाव कळलं, माल काय ते कळलं, पण बोलणं नाही, ती कच्ची. बोलणं झालं, माल कधी तयार होतो ते कळलं, ती पक्की. आणि पार्टीनं स्वतःहून दर विचारला तर ती ‘चौकशी’. चौकशी समोरून येते. तुम्ही ज्याला पत्र पाठवलं त्याला चौकशी म्हणू नका, तुमच्या मॅनेजरांचा हिशेब फुगेल.

दलाल शब्दाबद्दल. दलाल स्ट्रीटवर त्या शब्दाला मान आहे, इकडे नाही. दलालाला मालाची जबाबदारी नसते. तो दोघांची गाठ घालून देतो, दलाली घेतो आणि बाजूला होतो. फॉरवर्डर जागा घेतो, कागद करतो, कंटेनर जहाजावर चढेपर्यंत रात्री जागतो. कायद्याच्या भाषेत कस्टम हाउस एजंटचं नाव २०१३च्या नियमांत कस्टम्स ब्रोकर झालं, तरी बाजारात आजही ‘सीएचए’च म्हणतात. ब्रोकर म्हणवून घ्यायला जुनी माणसं अजून बिचकतात, कारण त्याचं मराठी दलाल होतं.

तुमच्या धंद्याला नेमका शब्द एकेकाळी मराठीत होता : हुंडेकरी. वाटेतल्या जकातीसकट ठोक रक्कम ठरवून माल मुक्कामी पोचवण्याचा मक्ता घेणारा. स्वतःचे बैल, गाड्या असतील-नसतील, जबाबदारी त्याची. तुमची जहाजं नाहीत, तरी माल पोचवायची हमी तुमची, म्हणजे काम तेच. आमच्या गल्लीत गुजराती-कच्छी पेढ्यांवर भाड्याला ‘नूर’ म्हणायचे. तो शब्द मराठी कारकुनांच्याही तोंडी होता.

प्रतिसाद (पुणे)

हुंडेकरी वाचून फार आनंद झाला. पण आज कार्डावर छापलात तर लोक लग्नातला हुंडा समजतील. त्यातला हुंडा म्हणजे ठोक, उक्ती रक्कम. आडनाव म्हणून हुंडेकरी अजून भेटतं, धंदा म्हणून नाही.

त्यातला ‘उक्ता’ मात्र जरूर उचला. गावात आजही ‘काम उक्तं दिलं’ म्हणतात. तुमच्या ‘ऑल-इन रेट’ला, म्हणजे सगळा खर्च धरून दिलेल्या एका दराला, ‘उक्ता दर’ म्हटलं तर कोण्याही शेतकऱ्याला कळेल.

प्रतिसाद (नाशिक)

कळेल, पण म्हणूनच जपून वापरा. मी द्राक्ष आणि कांदा दोन्हींत आहे. आम्हाला उक्तं म्हणजे उक्तं. वर एक रुपया नाही. तुमच्या ऑल-इनमध्ये समुद्राचं भाडं असतं, कधी इथलं टर्मिनल हँडलिंग (बंदरावर कंटेनर हाताळायचा खर्च) असतं, तिकडच्या बंदराचा खर्च बहुतेक नसतोच. शिपिंग लाइननं मधेच एखादा सरचार्ज लावला की तो पण आमच्यावर. उक्ता लिहिलंत आणि नंतर वेगळं बिल पाठवलंत तर तो शब्द तुमच्या तोंडावर फेकला जाईल.

आता गिऱ्हाइकाच्या बाजूनं सांगतो. हे मजकूर दिवसाला पाच-सहा येतात, सगळ्यांची ठेवण एक. पहिल्या ओळीत माझं कौतुक, दुसरीत त्यांचं कौतुक, तिसरीत ‘पंधरा मिनिटांचा कॉल’. २०२४च्या मार्चमध्ये मला एका अनोळखी फॉरवर्डरचा मजकूर आला : आपल्या वाढत्या कांदा निर्यातीबद्दल अभिनंदन! ८ डिसेंबर २०२३ला सरकारनं कांदा निर्यात बंद केली होती, ती ४ मे २०२४ला उठली, तीही टनाला ५५० डॉलर किमान भाव आणि ४० टक्के शुल्क लावून. मार्चमध्ये आमचा कांदा चाळीत होता, लासलगावला भाव पडलेला, घरात कुणी एकमेकांशी नीट बोलत नव्हतं. त्या साधनाला मागच्या वर्षीचे आकडे दिसले असतील. मी तो नंबर ब्लॉक केला.

त्याच हंगामात द्राक्षाचं वेगळंच चाललं होतं. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं सुएझ सोडून केप ऑफ गुड होपला वळसा घालत होती, युरोपला दीड-दोन आठवडे जास्त लागत होते. द्राक्ष रीफरमध्ये (थंड कंटेनरमध्ये) शून्य अंशाच्या आसपास ठेवलं तरी दिवस मोजूनच टिकतं. तेव्हा एका मुलानं फोन केला, नवखा होता, आवाज थरथरत होता. तो म्हणाला, ‘काका, दर कमी नाहीये माझ्याकडे, पण लवकर पोचणारं जहाज कुठलं ते मी शोधून ठेवलंय.’ मी त्याला दोन कंटेनर दिले. त्यानं काय केलं त्याला तुमच्या इंग्रजीत आउटरीच म्हणत असतील. मी म्हणेन, तो कामाचं बोलला.

मला एक सांगा, माझे किती कंटेनर कुठं गेले हे त्या साधनाला कसं कळतं?

बेलापूर

कांद्याचं वाचून वाईट वाटलं. असा मजकूर आमच्याकडूनही गेला असता, कारण आमचं साधनही सरकारी बंदी वाचून थांबत नाही, त्याला माणसानं थांबवावं लागतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर : बरीच माहिती पलीकडच्या बाजूनं येते. अमेरिकेत समुद्रमार्गे येणाऱ्या मालाच्या मॅनिफेस्टमधली, म्हणजे जहाजावरच्या मालाच्या यादीतली, माहिती सार्वजनिक आहे. पाठवणारा, घेणारा, मालाचं वर्णन, वजन हे त्यात असतं, आणि कंपन्या ते विकत घेऊन आपल्या साधनांत भरतात. भारतात २०२२च्या वित्त कायद्यानं कस्टम्स अ‍ॅक्टमध्ये कलम १३५एए आलं. एखाद्याच्या आयात-निर्यातीची किंमत, वर्गीकरण, प्रमाण अशी माहिती कायद्यानं मुभा नसताना छापली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून ‘भारतीय शिपिंग बिलांचा (निर्यातीसाठी कस्टम्सला दिलेल्या कागदांचा) ताजा डेटा’ अशी जाहिरात करणाऱ्याला मी आधी विचारतो की तो तुम्हाला मिळाला कुठून.

प्रतिसाद (न्यू जर्सी)

इथं किराणा माल आयात करते. वरचं बरोबर आहे, आणि त्यावर एक उपाय पण आहे : मॅनिफेस्टमधलं आपलं नाव गुप्त ठेवायचा अर्ज अमेरिकी कस्टम्सकडे करता येतो, तो दोन वर्षं चालतो. आम्ही केला, तरी जुन्या यादीवरून मजकूर येतच राहतात. मध्यंतरी माझ्या आडनावावरून ओळखून एकानं मराठीत लिहिलं : ‘आपली पुरवठा साखळी सुलभ करण्यास आम्ही उत्सुक आहोत.’ मराठी बघून आधी बरं वाटलं आणि वाचून परकं वाटलं. आमच्या घरात कुणी उत्सुक नसतं. ‘आवडेल’ म्हणतात, ‘बघू या का’ म्हणतात.

बेलापूर

तुमच्या सगळ्यांच्या बोलण्यावरून मी ठरवलं ते असं. आउटरीचला शब्द घालायचाच नाही. पार्टीला जाणाऱ्या मजकुरात त्याची गरजच नाही, ‘लिहितोय’ किंवा ‘लिहितेय’ पुरतं. ऑफिसात आम्ही ‘अनाहूत मजकूर’ म्हणू. नाव लांबलचक आहे, पण न बोलावता जातोय हे लक्षात राहील. लीडला कच्ची पार्टी, पक्की पार्टी. फॉलोअपला ‘परत विचारणं’, तेही एकदाच. साधनाची दुसरी-तिसरी स्मरणपत्रं आजपासून बंद केली आहेत. स्वतःला फॉरवर्डरच म्हणवणार. हुंडेकरी मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय.

साधन सोडणार नाही. कुठल्या बंदराला कुठल्या आठवड्यात कोणाचा माल जातो हे जुळवायला मला दोन दिवस लागायचे, ते काम साधन अर्ध्या तासात करतं. पण मजकूर मी लिहिणार. द्राक्षाचा असा केलाय :

‘नमस्कार. मी न्हावाशेव्याच्या कामात आहे, बेलापूरहून लिहितोय. पुढच्या आठवड्याच्या जहाजावर रॉटरडॅमसाठी ४० फुटी रीफरची जागा आहे. दर सोबत दिलाय. त्यात समुद्राचं भाडं आणि इथल्या टर्मिनलचा खर्च आहे, तिकडचा नाही. तुमचा माल कधी तयार होतोय ते कळवलंत तर त्या तारखेचं जहाज बघून ठेवतो.’

प्रतिसाद (नाशिक)

हे वाचलं असतं मी. फक्त ‘जागा आहे’च्या पुढे कटऑफची तारीख आणि वेळ टाका. जहाज कधी सुटतं त्याच्या आधी आम्हाला गेट कधी बंद होतं ते लागतं. पिंपळगावहून गाडी किती वाजता काढायची ते त्यावर ठरतं.

बेलापूर

टाकली.