जुनी एम५ टूरिंग: घ्यावी की लांबूनच बघावी?

नेकारकाठ
जर्मनीत राहणाऱ्या गाडीवेड्यांसाठी विषय काढतोय. बीएमडब्ल्यूची २००७ ते २०१० मधली एम५ टूरिंग (ई६१; टूरिंग म्हणजे मागे सामानाला लांब जागा असलेली इस्टेट गाडी) अजून आवाक्यात आहे तोवर घेऊन टाकावी, असं माझं ठाम मत आहे. पाच लिटरचं, दहा सिलिंडरचं, टर्बो नसलेलं इंजिन, ५०७ अश्वशक्ती, ८२५० आरपीएमपर्यंत (मिनिटाला फेरे) फिरतं. मागच्या सीट पाडल्या की १६५० लिटर जागा. मुलांच्या सायकली मावतात, आईबाबा भारतातून आले की त्यांच्या बॅगाही. अशा गाड्या निघाल्याच जेमतेम हजारभर. २०२४ मध्ये नवी टूरिंग आली, पण ती हायब्रिड आणि वजनाने अडीच टनांच्या जवळ. तसं इंजिन आता कोणी बनवणार नाही. आणि रोजच्या वापराचं म्हणाल, तर गाडी सुरू होते तेव्हा ४०० अश्वशक्तीच देते. बाकीची हवी असेल तेव्हा बटण दाबायचं.

पानापक्कड
घेण्याचं सोडा, सांभाळण्याचं बोला. या इंजिनात कनेक्टिंग रॉडची (पिस्टन क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला, जोडणारे दांडे) बेअरिंग झिजतात. त्यांच्यातली फट मुळातच कमी, त्यात १०डब्ल्यू-६० सारखं दाट तेल. थंड इंजिन रेटणारा आधीचा मालक असला की संपलंच. लाखभर किलोमीटरच्या आतबाहेर ती बदलावीत असं जाणकार सांगतात. दहा जोड्या! इंजिन उतरवावं लागत नाही हे खरं, पण सबफ्रेम (इंजिनाखालची चौकट) खाली घेऊन ऑइल पॅन (तळाचं तेलाचं भांडं) काढायचा म्हणजे मजुरी सुट्या भागांच्या वर जाते. शिवाय एसएमजी गिअरबॉक्सचा (क्लच आपोआप चालवणारा) हायड्रॉलिक पंप आणि थ्रॉटलचे (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपांचे) ॲक्चुएटर यांची दुखणी आहेतच. बेअरिंग जागेवरून फिरलं तर क्रँकशाफ्टही जातो, आणि मग दुसरं इंजिनच शोधा. घरात एकच गाडी असलेल्या माणसाने यात पडू नये.

नेकारकाठ
दुखणं माहीत आहे, म्हणूनच त्याची तयारी करता येते. गाडीच्या किमतीतच बेअरिंगचा खर्च धरायचा, घेण्याआधी तेलाची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यायची. टॅकोमीटरवरचे (आरपीएम दाखवणाऱ्या काट्यावरचे) दिवे तेल तापेपर्यंत किती आरपीएमपर्यंत जायचं ते दाखवतात. तेवढं पाळलं तरी इंजिनावर मोठा उपकार.

मेघदूत
बेअरिंगचं तुम्ही दोघं बघा, मला पेट्रोलचं बोलायचंय. शहरात शंभर किलोमीटरला वीस लिटर, म्हणजे लिटरमागे पाच किलोमीटर! टाकी ७० लिटरची. जर्मनीतला वाहनकर त्या मानाने किरकोळ. जुलै २००९ पूर्वी नोंदलेल्या युरो-४ (प्रदूषणाचं मानक) गाडीला १०० सीसीमागे ६.७५ युरो, म्हणजे वर्षाला साधारण ३३७. पण जे पेट्रोल जाळतो त्याचा धूर आपल्याच मुलांच्या छातीत जातो. स्कोडाची चार सिलिंडरची ऑक्टाव्हिया कोम्बी (तीही इस्टेटच) हेच सामान याच रस्त्यावरून नेते. हौसेसाठी इतकं जाळणं मला पटत नाही, आणि कुणी पटवूही नये.

कोथरूडकर
पुण्यातून लिहितोय. आम्हाला ही निवडच नाही. तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी भारतात आयात करता येत नाही. मोठ्या पेट्रोल इंजिनाची इस्टेट म्हणून ऑडीने २०१५ मध्ये आरएस६ अवांत आणली. ५६० अश्वशक्ती, एक्स-शोरूम १ कोटी ३५ लाख. ती कोण घेणार? साध्या इस्टेटही इथे चालल्या नाहीत, बलेनो अल्टुरा, इंडिगो मरीना आठवतात का? मेघदूत, तुमचा मुद्दा रास्त आहे. पण रोज कामावर ट्रामने जाणारा माणूस शनिवार-रविवारी अशी गाडी काढत असेल, तर वर्षभरात त्याचं पेट्रोल किती जळणार? मी नेकारकाठांच्या बाजूने.

मेघदूत
ट्रामने जाणार असतील तर माझा विरोध बराच कमी होतो. पण वर तर रोजच्या वापराचं लिहिलंय.

पानापक्कड
तेच तर म्हणतोय. नेकारकाठ, बेअरिंग बदलल्याचं बिल आणि काढलेली जुनी बेअरिंग दोन्ही दाखवणारा मालक भेटला तर कळवा, गाडी लिफ्टवर चढवून खालून बघायला मी स्वतः येतो. मात्र रोजच्यासाठी दुसरी गाडी दारात असल्याशिवाय सही करू नका.