निर्णय फसला तरी एजंट रॅशनल कसा काय?

टीवाय_कॉम्प

नमस्कार मंडळी, मी टीवाय कॉम्प्युटरला आहे, या सेमला एआय आहे. पहिलं युनिट सगळे म्हणतात सोपंय, थिअरीच आहे, पाठ करून टाक. मी तेच केलं आणि इंटर्नलला त्या प्रश्नाला 5 पैकी 2 मिळाले, म्हणून आता नीट समजून घ्यायचंय.

प्रश्न असा होता. अ आणि ब अशा दोन खोल्या, त्यात कचरा ओढणारा एक रोबो. आपण कुठल्या खोलीत आहोत आणि तिथे कचरा आहे का, एवढंच त्याला कळतं, पलीकडच्या खोलीतलं दिसत नाही. नियम एकच, कचरा असेल तर ओढ, नसेल तर दुसऱ्या खोलीत जा. जागेवर थांबायचीही सोय आहे. दर स्टेपला जेवढ्या खोल्या स्वच्छ तेवढे गुण, खोली बदलली की 1 गुण वजा, एकूण 1000 स्टेप, आणि एकदा साफ झालेली खोली परत घाण होत नाही. हा एजंट (म्हणजे आजूबाजूचं बघून स्वतः कृती करणारा) रॅशनल आहे का ते कारणासह लिहा.

मी लिहिलं हो आहे, कारण तो दोन्ही खोल्या स्वच्छ ठेवतो, नोट्समध्ये पण तोच रोबो आहे आणि तिथे रॅशनलच म्हटलंय. मॅडमनी लाल पेनने "मेजर वाचलं का?" एवढंच लिहिलंय, मेजर म्हणजे गुण मोजायची पट्टी.

दुसरी शंका याहून मोठी आहे. व्याख्येत म्हणतात की एजंटाला आतापर्यंत जे दिसलं आणि जे आधीपासून माहीत आहे त्यावरून अपेक्षित परफॉर्मन्स जास्तीत जास्त होईल अशी कृती निवडणारा तो रॅशनल. मग कृती केली आणि नुकसान झालं तरी तो रॅशनलच? मला हे पटतच नाहीये, जो चुकला तो शहाणा कसा?

खडू_डस्टर

चांगला प्रश्न आहे, आणि मॅडमचा शेरा बरोबर आहे. नोट्समधल्या रोबोला खोली बदलण्याचा दंड नसणार. तुमच्या पेपरात आहे, आणि सगळा फरक तिथेच पडतो.

आकडे मांडून बघा. दोन्ही खोल्या साफ झाल्या की दर स्टेपला 2 गुण मिळतात. पण हा रोबो थांबत नाही, नियमच तसा आहे, कचरा नाही म्हणून पलीकडे, तिथेही नाही म्हणून परत अलीकडे. म्हणजे दर स्टेपला 2 मिळाले 1 गेला, हातात 1. 1000 स्टेपला साधारण 1000 गुण. जो दोन्ही खोल्या बघून गप्प बसतो त्याला जवळजवळ 2000. तोच रोबो, त्याच खोल्या, मोजायची पट्टी बदलली की रॅशनलचा इरॅशनल झाला. म्हणून "हा एजंट रॅशनल आहे का" या प्रश्नाला एकट्याला अर्थ नसतो. कुठल्या मेजरने, त्याला कुठल्या कृती करता येतात, एन्व्हायर्नमेंटबद्दल (म्हणजे भोवतालाबद्दल) त्याला आधीपासून काय माहीत आहे आणि आतापर्यंत काय दिसलं, हे चार धरूनच उत्तर द्यायचं.

आता यातली गोम बघा. गप्प कधी बसायचं हे या रोबोला कळणारच नाही. तो अ मध्ये आहे, अ साफ दिसतेय. ब बघून आला असेल तरी त्याला हेच दिसतं, अजून ब मध्ये गेलाच नसेल तरी हेच दिसतं. आत्ताच्या एका परसेप्टवर (म्हणजे या क्षणी जे दिसतं त्यावर) चालणाऱ्याला या दोन वेळा वेगळ्या करता येत नाहीत, त्याला आठवण लागते, "ब मी बघून आलोय" एवढी एका बिटाची. सिंपल रिफ्लेक्स (फक्त आत्ताचं बघून वागणारा) आणि मॉडेल-बेस्ड (आठवण ठेवणारा) यातला फरक विद्यार्थी अर्धं पान भरून लिहितात, तो एवढाच आहे. आणि जर कचरा परत परत पडत असेल तर कायमचं बसून राहणंही चूक, मग अधूनमधून चक्कर मारायला हवी, किती वेळाने ते कचरा किती वेगाने पडतो त्यावर.

दुसऱ्या शंकेबद्दल इथे शेती करणारे कोणी असतील तर ते माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

वाफसा

सरांनी हाक मारलीच आहे तर सांगतो. मी नोकरी सॉफ्टवेअरमध्ये करतो पण घरची सोयाबीन दरवर्षी मीच बघतो.

जूनमध्ये पहिला पाऊस पडतो, रान भिजतं, आणि पेरायचं का थांबायचं हा प्रश्न पडतो. हिशोब सोपा व्हावा म्हणून आकडे मनाचे घेतोय. समज आज पेरलं आणि पुढे पाऊस लागून राहिला तर 40 हजार सुटतात. पावसाने दडी मारली तर बी-खताचे 15 हजार मातीत. आठ दिवस थांबून पेरलं तर उशिरामुळे उतारा कमी, पण 20 हजार नक्की. पाऊस लागून राहण्याची शक्यता 70 टक्के असेल तर आज पेरण्याची अपेक्षित किंमत 28 हजार वजा साडेचार हजार, म्हणजे साडेतेवीस. थांबण्यापेक्षा जास्त, म्हणून पेरणं रॅशनल. आता पेरलं आणि नेमका पाऊस गेला, दुबार पेरणी करावी लागली. निर्णय चुकला का? नाही, निकाल वाईट लागला. निर्णय घेताना जे हातात होतं त्यावरून तो बरोबरच होता. ज्याला पुढचं सगळं दिसतं तो सर्वज्ञ, आणि सर्वज्ञ असणं ही रॅशनल असण्याची अट नाही, नाहीतर या जगात एकही रॅशनल एजंट सापडायचा नाही. शक्यता 50 टक्केच असती तर 20 वजा साडेसात, साडेबारा, मग थांबणं बरोबर, आणि तरीही पेरून पाऊस लागला असता तर तो माणूस वाचला नशिबाने, रॅशनल नव्हता.

पण ताई, यातून "मला माहीत नव्हतं" अशी पळवाट काढता येत नाही, हे नीट लक्षात घे, परीक्षेत हे कुणीच लिहीत नाही. बघता येत असून न बघणं हेसुद्धा इरॅशनलच. कृषी विभाग दरवर्षी सांगतो की 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. आमचे आजोबा आकडा सांगत नव्हते, कुदळीने वीतभर उकरून ओल किती खाली गेली ते बघायचे, मूठभर माती दाबून लाडू होतोय का फुटतोय ते बघायचे आणि मगच तिफण बाहेर काढायचे. हे उकरणं म्हणजे माहिती मिळवण्यासाठी केलेली कृती. त्याने पीक एक दाणाही वाढत नाही पण पुढचा निर्णय सुधारतो, म्हणून रॅशनल एजंट ती करतो. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघणं तसंच. तुझा रोबो पहिल्यांदा ब मध्ये जातो तेही तेच आहे, 1 गुण जातो पण तिथे घाण निघाली तर पुढच्या सगळ्या स्टेपचे गुण वाचतात.

अजून एक. वरचा हिशोब रुपयांत केला, पण युटिलिटी (निकाल आपल्याला किती मोलाचा ते) म्हणजे रुपये नव्हेत. ज्याच्याकडे चार पैसे शिल्लक आहेत त्याला 15 हजारांचं नुकसान 15 चंच. ज्याला ते गेले की व्याजाने काढावे लागणार त्याला तो फटका 50 हजारांसारखा. तसा धरून हिशोब केला तर 28 वजा 15, तेरा, म्हणजे 70 टक्के शक्यतेलाही त्याने थांबावं. बांधाला बांध लागलेले दोन शेतकरी, पाऊस एकच, अंदाज एकच, एक पेरतो एक थांबतो आणि दोघंही रॅशनल. मी हे कॉलेजात शिकलो तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की गावात ज्याला आम्ही भित्रा म्हणायचो तो माणूस भित्रा नव्हता.

रात्रपाळी

वाफसा यांना +१, दुबार पेरणीचं उदाहरण पाठच करून ठेवणार.

थोडी भर घालतो. हिशोब करायलाही वेळ लागतो, हे व्याख्येत दिसत नाही. बुद्धिबळात सगळं पटावर समोर असतं, नशीब नाही, तरीही शेवटपर्यंतचे सगळे डाव मोजणं कुठल्याच मशीनला जमत नाही. 1997 मध्ये आयबीएमच्या डीप ब्लू कॉम्प्युटरने बुद्धिबळपटू कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच असं हरवलं, ते सेकंदाला 20 कोटींच्या आसपास पोझिशन बघायचं, आणि तरीही ते काही चालींपुढे थांबून अंदाजच बांधायचं. हर्बर्ट सायमन यांनी हेच माणसांबद्दल मांडलं होतं की आपण सर्वोत्तम शोधत बसत नाही, पुरेसं चांगलं सापडलं की थांबतो. त्यांना 1978 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तर "अचूक रॅशनल" ही कागदावरची गोष्ट आहे, खऱ्या एजंटाला वेळ आणि मेमरी जेवढी आहे तेवढ्यात भागवावं लागतं.

आणि मेजरवरून आठवलं, 2016 साली ओपनएआयच्या लोकांनी बोटींच्या शर्यतीच्या एका गेममध्ये एजंट शिकवायला ठेवला. गुण मिळायचे ते वाटेतली टार्गेट उडवून. एजंटाला एक कोपरा सापडला जिथे तीन टार्गेट परत परत उगवायची, तो तिथेच गोल गोल फिरत बसला, धडकत होता, बोटीला आग लागत होती, शर्यत पुरी केलीच नाही, आणि गुण मात्र माणसांपेक्षा जास्त. दिलेल्या मेजरने तो योग्यच वागत होता, मेजर लिहिणाऱ्यांना हवं होतं ते वेगळं होतं.

टीवाय_कॉम्प

बापरे एवढं सगळं, खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. दुबार पेरणीमुळे लख्ख कळलं, आमच्याकडे पण झालीये एकदा.

आता स्वतः एक पीस (PEAS, म्हणजे एजंटाच्या खालच्या चार गोष्टी लिहून काढणं) करून बघितलंय, तपासाल का? आमच्या विहिरीवरच्या मोटरला ऑटो बसवलाय, लाईट आली की मोटर आपोआप चालू.
परफॉर्मन्स मेजर: जास्तीत जास्त पाणी उपसणं.
एन्व्हायर्नमेंट: विहीर, मोटर, लाईट.
अ‍ॅक्च्युएटर: स्टार्टर, म्हणजे ज्याने कृती होते ते.
सेन्सर: लाईट आली का, तिन्ही फेज आहेत का, आणि मोटर कोरडी चालायला लागली की करंट उतरतो त्यावरून पाणी संपलं ते कळतं.
प्रकार सिंपल रिफ्लेक्स, एन्व्हायर्नमेंट सिंगल एजंट.

खडू_डस्टर

सेन्सर छान लिहिलेत, करंटवरून पाणी संपल्याचं ओळखणं हे मुलं लिहीत नाहीत. प्रकारही ठीक आहे. मेजर मात्र परत बघा, रात्रपाळी यांची बोट आठवा. जास्तीत जास्त पाणी उपसणं हे मेजर दिलं तर भिजलेल्या रानातही पाणी सोडत राहणारा एजंट सगळ्यात चांगला ठरेल. तुमच्या वडिलांना पाणी हवंय की ओलावा? मेजर एजंटाने काय करावं यावर लिहायचं नसतं, शेवटी रानात काय झालेलं हवंय त्यावर लिहायचं. आणि मेजरमध्ये ओलावा आला की सेन्सर पण बदलावे लागतील.

वाफसा

आणि सिंगल एजंट कशावरून? तुमच्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) मोटरी किती आहेत? लाईट आली की सगळ्यांचे ऑटो एकाच क्षणी मोटर उचलतात, आणि चालू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. प्रत्येकाचा ऑटो आपापल्या पुरता बरोबर, आणि सगळे मिळून फ्यूज उडवतात, कधी डीपीच जळते आणि मग आठ-आठ दिवस कुणालाच पाणी नाही. मल्टी-एजंट एन्व्हायर्नमेंट याला म्हणतात, माझ्या कृतीचा निकाल दुसऱ्याच्या कृतीवर अवलंबून. उपाय पण ऑटोमध्येच असतो, लाईट आल्यावर किती सेकंदांनी चालू व्हायचं त्याचा टायमर. प्रत्येकाने वेगळा ठेवला, अगदी चिठ्ठ्या टाकून ठेवला तरी चालतं. एरवी रँडम वागणं वेडेपणाचं वाटतं, पण जिथे सगळे सारखेच आहेत आणि एकमेकांशी बोलत नाहीत तिथे तेच रॅशनल ठरतं.

टीवाय_कॉम्प

पप्पांना आत्ताच फोन केला. आमच्या डीपीवर 14 मोटरी आहेत आणि आमच्या ऑटोचा टायमर आणला तेव्हापासून तसाच आहे, कुणी हातच लावलेला नाही, मागच्या महिन्यात दोनदा फ्यूज गेला म्हणाले. उद्या ते सगळ्यांना विचारून कुणाचा किती सेकंदांवर आहे ते वहीत लिहून घेणार आहेत. मेजर परत लिहून रात्री इथेच टाकते सर, ओलाव्याचा सेन्सर धरून.