‘वॉट्स अप?’ला उत्तर काय द्यावे?

प्रश्न : मी जळगावच्या एका निर्यातदाराकडे काम करतो. परदेशी ग्राहकाने फोनवर ‘वॉट्स अप?’ म्हटले की शाळेत पाठ झालेले ‘आय ॲम फाइन, थँक यू’ तोंडातून निघते आणि समोरचा क्षणभर गप्प होतो. माझे काय चुकते?

उत्तर : आपण ‘काय’च्या प्रश्नाला ‘कसे’चे उत्तर देत आहात. पारावर कोणी ‘काय चालू शे भाऊ?’ असे विचारल्यावर ‘तब्येत बरी शे’ असे सांगितले, तर ऐकणारा जसा गोंधळेल तसेच हे आहे. येथे ‘अप’ म्हणजे ‘वर’ नव्हे, तर ‘घडत असलेले’. म्हणून ‘नॉट मच’, म्हणजे ‘विशेष काही नाही’, एवढे म्हणून ‘यू?’ असा प्रश्न परत करावा. (२००९ मध्ये सुरू झालेल्या व्हॉट्सॲपचे नाव याच प्रश्नावरची कोटी आहे, हे रोज वापरूनही आपल्या लक्षात येत नाही.)

मात्र हाच प्रश्न उतरलेला चेहरा पाहून हळू आवाजात विचारला, तर त्याचा अर्थ ‘काय झाले?’ असा होतो, आणि आपणच कोणाला अवेळी फोन केला असता ऐकू आला, तर ‘काय काम काढलेत?’ असा होतो. या दोन्ही वेळी ‘नॉट मच’ म्हणणे विचित्र दिसेल, तेथे खरे कारणच सांगावे.

पुरवणी प्रश्न : इंग्लंडमधील लोक ‘यू ऑलराइट?’ असे का विचारतात? मला वाटले, माझा आवाज आजारी वाटला असावा.

उत्तर : माझीही तशीच फजिती झाली होती. भुसावळहून बोलताना मी पलीकडच्या गृहस्थांना दोन दिवसांच्या सर्दीची सविस्तर हकिगत सांगितली आणि त्यांनी ती सौजन्याने ऐकून घेतली. ब्रिटिशांच्या बोलण्यात हे बहुधा केवळ अभिवादन असते. ‘येस, थँक्स, यू?’ एवढे पुरते. ‘हाउज इट गोइंग?’ला ‘गुड’ किंवा ‘नॉट बॅड’ चालते. जुन्या वळणाच्या ‘हाउ डू यू डू?’ला तर तेच शब्द परत म्हणायचे असतात, जसे आपल्याकडे ‘राम राम’ला ‘राम राम’.