जनरेटर आहे, पण डिझेल कुठून येणार?

वीज गेली तरी पाणी, रेल्वे, टेलिफोन चालू राहावेत म्हणून प्रत्येक यंत्रणेने आपापला जनरेटर ठेवला की प्रश्न मिटला, असं काही जण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. डिझेल भरायचं तर पेट्रोलपंपालाही वीज लागतेच. फेब्रुवारी २०२१च्या थंडीत टेक्ससमध्ये भारनियमन करताना पाइपमधून गॅस पुढे ढकलणाऱ्या काही कॉम्प्रेसर यंत्रांचीच वीज तोडली गेली, कारण ज्यांची वीज तोडायची नाही अशा अत्यावश्यक यादीत त्यांची नोंदच नव्हती! मग गॅसअभावी वीजकेंद्रं आणखी अडली. १२ ऑक्टोबर २०२०ला मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. आमच्या इमारतीत पंप बंद, दुपारी गच्चीवरची टाकी कोरडी. चौथ्या मजल्यावरच्या आजींना आम्ही कळशीने पाणी नेलं. कोण कुणावर अवलंबून आहे, ही यादी वीज, पाणी, रेल्वे, टेलिफोनवाल्यांनी एकत्र बसून करायला हवी, आणि दरवर्षी तपासायलाही.